तिसरा डोस चुकला, तरी पहिले दोन वाया जात नाहीत

वाचकांचे प्रश्न : हेपॅटायटिस बी

हेपॅटायटिस बी, म्हणजे बोलीत जिला पांढरी कावीळ म्हणतात, तिच्याबद्दल प्रश्न पाठवा असे गेल्या अंकात लिहिले होते. सर्वांत जास्त पत्रे आली ती धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्त्यांमधून: स्वतः बायकांची, तिथे काम करणाऱ्या पीअर एज्युकेटर (वस्तीतल्याच, आरोग्याची माहिती देणाऱ्या बायका) आणि नर्सताईंची, एका घरवालीचीही (धंद्याचे घर चालवणारी). म्हणून या वेळचे सगळे पान त्यांचे. नावे कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात बुधवार पेठेत पीअर म्हणून काम करते. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांनी या लसीचे दोन डोस घेतले, पण तिसऱ्याच्या वेळी कुणी कर्नाटकात गावी गेलेली, कुणी नेपाळला. आता वर्षाने परत आल्यात, तर दवाखान्यात सांगतात, "मध्ये फार दिवस गेले, पहिल्यापासून सुरू करा." बायका वैतागल्या आहेत आणि लसच नको म्हणतात. खरंच पहिल्यापासून घ्यावी लागते का?

उत्तर : नाही. ताई, हे दवाखान्यात ठामपणे सांगा: राहिलेला तिसरा डोस आज द्यायचा आणि कार्डावर "कोर्स पूर्ण" लिहायचे. मध्ये सहा महिने गेले असोत, वर्ष गेले असो की तीन वर्षे, घेतलेला डोस रद्द होत नाही. पहिल्या दोन डोसांत शरीर या विषाणूचे बाहेरचे आवरण ओळखायला शिकलेले असते आणि ती ओळख पेशींमध्ये टिकून राहते. उशिरा दिलेला तिसरा डोस तीच ओळख पक्की करतो.

चूक होते ती उलट बाजूने, म्हणजे डोस फार लवकर दिले तर. नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या आणि दुसऱ्या डोसात किमान ४ आठवडे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात किमान ८ आठवडे आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत किमान १६ आठवडे गेले पाहिजेत. यापेक्षा घाईने दिलेला डोस धरता येत नाही. जास्तीत जास्त अंतराला मात्र मर्यादा नाही.

या आकड्यांतच तुमच्या अडचणीचा एक मार्ग आहे. सगळीकडे ०, १ आणि ६ महिने असे वेळापत्रक लिहिलेले असते आणि सहावा महिना नेमका जत्रेत, गणपतीत किंवा दिवाळीत येतो. बाई पाचव्या महिन्यात गावी जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर तिसरा डोस चौथ्या महिन्यात, १६ आठवडे भरल्यावर, देऊन टाका. तो पूर्णपणे धरला जातो. पहिला डोस देतानाच विचारा, "पुढच्या सहा महिन्यांत कुठे कुठे जाणार?" आणि उत्तर कार्डाच्या मागे लिहून ठेवा.

जी बाई महिन्याभरातच शहर सोडणार आहे, तिच्यासाठी घाईचे वेगळे वेळापत्रकही मान्य आहे: ०, ७ आणि २१ व्या दिवशी तीन डोस आणि १२ महिन्यांनी चौथा. दुसरे आहे ०, १, २ आणि १२ महिने. दोन्हींत संरक्षण लवकर मिळते, पण ते टिकवण्यासाठी वर्षाने चौथा डोस लागतो. म्हणून जी वस्तीत कायम राहते तिला साधे ०-१-६ च बरे.

तिसऱ्या डोसाचा एवढा आग्रह का, हे बायकांना आकड्यांत सांगा. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत एका डोसाने साधारण तिघींपैकी एकीला ते दोघींपैकी एकीला पुरेसे संरक्षण मिळते, दोन डोसांनी चौघींपैकी तिघींना आणि तिसऱ्यानंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींना. म्हणजे दोन डोस घेऊन गेलेली बाई अगदी उघडी पडलेली नाही, पण चौघींतली एक अजून असुरक्षित आहे आणि ती नेमकी कोण हे वरून दिसत नाही.

नोंदींबद्दल. बाईचे प्रकल्पातले नाव एक, आधारवरचे दुसरे, सिव्हिलच्या केसपेपरवर तिसरे. नुसत्या नावावर शोधलेत तर तिचा दुसरा डोस कधीच सापडणार नाही. टीआय प्रकल्पाने (वस्तीत एचआयव्ही रोखण्याचे काम करणारा प्रकल्प) दिलेला तिचा क्रमांक कार्डावर टाका आणि कार्डाचा फोटो तिच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगा. कार्डावर लशीचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, तारीख आणि पुढची तारीख एवढेच असावे. ती काय काम करते हे त्यावर कुठेही दिसता कामा नये, कारण तेच कार्ड तिला गावच्या आरोग्य केंद्रात दाखवायचे आहे. तिसरा डोस पुण्यातच घ्यायला हवा असे नाही. तिमाही तपासणीला ती तुमच्याकडे येतेच, त्या वेळी लशीची वहीही उघडा. वेगळ्या शिबिराची वाट पाहण्यात बायका निसटतात.

प्रश्न : आमच्याकडे आधी सगळ्यांची रक्ततपासणी, मग रिपोर्ट, मग फक्त निगेटिव्ह बायकांना लस, असा क्रम ठरवला आहे. ऐंशी जणींनी रक्त दिले, रिपोर्ट घ्यायला निम्म्याही आल्या नाहीत. क्रम चुकतोय का? शिवाय लस कशी ठेवायची, कुठे टोचायची, हेही सविस्तर लिहा. (नर्स, नागपूर)

उत्तर : क्रम चुकतोय. तपासणी हवीच, पण लशीच्या वाटेत ती फाटक बनू नये. रक्त घ्या आणि त्याच खुर्चीत, त्याच वेळी पहिला डोस द्या. जिला आधीच लागण झालेली आहे तिला लशीचा फायदा होत नाही, पण अपायही होत नाही. तिचा एक डोस वाया गेला एवढेच. रिपोर्टची वाट पाहत बसलात तर जी निगेटिव्ह आहे तिचे सगळेच वाया जाते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढचे डोस थांबवा आणि तिला उपचाराच्या वाटेवर घ्या.

रक्त मात्र लस टोचण्यापूर्वी घ्या. लशीत विषाणूच्या आवरणाचेच प्रथिन असते, त्यामुळे डोसानंतर काही दिवस, कधी अठरा दिवसांपर्यंत, ते प्रथिन शोधणारी एचबीएसएजी तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डोस घेतलेल्या बाईची तपासणी राहिली असेल तर महिनाभर थांबून करा. अशा खोट्या पॉझिटिव्ह रिपोर्टने विनाकारण घाबरलेल्या बाईला नंतर "तसे काही नव्हते" हे पटवणे फार कठीण जाते.

बोटातल्या थेंबावर होणारी एचबीएसएजी कार्ड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. वस्तीत तीच वापरा, म्हणजे रिपोर्टसाठी दुसरी फेरी लागत नाही. शक्य असेल तिथे प्रयोगशाळेतून अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे पाहणाऱ्या तपासण्या) याही करून घ्या. तिन्हींचा मेळ असा लावायचा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर आत्ता लागण आहे. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि बाकीच्या दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर पूर्वी लागण होऊन ती बरी झाली आहे, लस नको. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते लशीचे संरक्षण. तिन्ही निगेटिव्ह असतील तर हिला लस सर्वांत गरजेची.

आता टोचण्याबद्दल. मोठ्या माणसाचा डोस २० मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुतेक भारतीय लशींत १ मिली. लहान मुलांचा १० मायक्रोग्रॅम, अर्धा मिली. शिबिरात नेहमी होणारी चूक इथेच आहे: बाळांच्या लसीकरणाच्या ०.५ मिलीच्या सिरिंज हाताशी असतात, त्याच वापरल्या जातात आणि सगळ्या बायकांना अर्धाच डोस जातो. मोठ्यांसाठी १ किंवा २ मिलीच्या सिरिंज वेगळ्या मागवा. सुई २३ ते २५ गेजची, साधारण एक इंच लांब. टोचायची दंडाच्या वरच्या स्नायूत, सरळ. कमरेखाली नको. तिथे चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत पोचत नाही आणि प्रतिकार कमी तयार होतो. "हात दुखेल, कमरेत द्या" असा आग्रह बायका धरतात. त्यांना हे कारण सांगितले की बहुतेकजणी हात पुढे करतात. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. दंड दुखणे, किंचित कसकस वाटणे याहून जास्त त्रास सहसा होत नाही. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, तरी ॲड्रेनालिन हाताशी हवेच. लस यीस्टमध्ये बनवतात, म्हणून यीस्टची किंवा आधीच्या डोसाची गंभीर ॲलर्जी असेल तर देऊ नका. पाळी चालू आहे, दिवस गेलेत, अंगावर पाजते, सर्दी आहे, काल दारू घेतली होती, यातले एकही कारण डोस नाकारण्याचे नाही.

साठवणीत ही लस उन्हापेक्षा बर्फाला जास्त घाबरते. २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवा. एकदा गोठली की ती निकामी होते, पुन्हा वितळली तरी. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच भरू नका. ते बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खुळखुळायला लागले की मगच भरा आणि कुप्या पॅकला थेट टेकू देऊ नका. घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून किंवा दारात कुपी ठेवू नये. संशय असेल तर शेक टेस्ट करा: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा, ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून टेबलावर ठेवा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच झटपट तळाशी बसला तर ती टाका. वापरण्याआधी प्रत्येक वेळी कुपी हलवायची, कारण खाली बसलेली लस वर आली नाही तर पहिल्या बाईला पाणी आणि शेवटच्या बाईला दाट लस जाते.

दहा मिलीच्या कुपीत दहा डोस. फक्त तिघी आल्या म्हणून कुपी फोडायचे टाळू नका. राष्ट्रीय लसीकरणातल्या उघड्या कुपीच्या धोरणानुसार ती २८ दिवसांपर्यंत वापरता येते. अट एवढीच की थंडावा नीट राखलेला असावा, व्हीव्हीएम (कुपीवरची, उष्णतेने रंग बदलणारी खूण) ठीक असावा, झाकण पाण्यात बुडालेले नसावे आणि उघडल्याची तारीख-वेळ वर लिहिलेली असावी. विकत घेतलेल्या लशीसोबतच्या माहितीपत्रकात वेगळे लिहिले असेल तर ते पाळा. मागणी करताना तिन्ही फेऱ्यांची एकदम करा. शंभर बायका म्हणजे ३०० डोस, ३० कुप्या, वाया जाणाऱ्या लशीसाठी तीन जास्त धरून ३३. पहिल्या फेरीपुरत्या कुप्या मिळाल्या आणि पुढच्यांची खात्री नाही, अशा स्थितीत शिबिर सुरू केले तर सहाव्या महिन्यात बायका येतील आणि लस नसेल. एकदा असे परत पाठवलेली बाई पुन्हा येत नाही. शिबिराची वेळ दुपारी बारा ते चार ठेवा. सकाळी दहाला बायका नुकत्या झोपलेल्या असतात.

प्रश्न : मी सांगलीत धंदा करते. रक्त तपासले तर "एचबीएसएजी पॉझिटिव्ह" आले. घरवालीने माझे ताट-पेला वेगळा केला. मला काहीच होत नाही, कावीळ पण झाली नाही. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मी मरणार का? हे एचआयव्हीसारखंच आहे का?

उत्तर : ताई, आधी ताटाबद्दल. हा आजार एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, एकाच मोरीत अंघोळ केल्याने, शिंकल्याने-खोकल्याने पसरत नाही. घरवालीला हे पान वाचून दाखवा. तो पसरतो रक्तातून, संभोगातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. वेगळे ठेवायचे ते तुमचे ब्लेड, रेझर, दात घासायचा ब्रश, नेलकटर आणि कानातले. खोलीत केस काढायला एकच रेझर सगळ्याजणी वापरत असतील तर ते आजपासून बंद करा. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो. फरशीवर किंवा चादरीवर रक्त सांडले तर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण ओतून दहा मिनिटांनी पुसा.

मरणार का? या एका रिपोर्टवरून तसे मुळीच म्हणता येत नाही. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या साधारण पंच्याण्णव जणांचे शरीर हा विषाणू स्वतःच सहा महिन्यांच्या आत काढून टाकते. म्हणून पहिले काम हे: रिपोर्टची तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करा. निगेटिव्ह आले तर सुटलात. पॉझिटिव्हच राहिले तर त्याला जुनाट लागण म्हणतात. जन्मताना लागण झालेल्यांत दहातल्या नऊ जणांची ती जुनाट होते, त्यामुळे ती तुम्हाला लहानपणापासून असण्याचीही शक्यता आहे. तुमच्या कामामुळेच झाली असे कुणी म्हणाले तर ते ऐकून घेऊ नका.

सहा महिने वाट पाहायची म्हणून तोवर गप्प बसायचे नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत आहे. तुमच्या प्रकल्पातल्या ताईंना घेऊन सिव्हिलमध्ये जा आणि या कार्यक्रमाचे उपचार केंद्र कुठे बसते ते विचारा. तिथे यकृताच्या तपासण्या (एएलटी, एएसटी), प्लेटलेट, पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातला विषाणू मोजणारी एचबीव्ही डीएनए तपासणी सांगतील. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीचीही करून घ्या. प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. यकृताला इजा होत असेल किंवा विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी देतात. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे लागते. बरे वाटतेय म्हणून ती मनाने बंद केली तर आजार एकदम उसळतो आणि तेव्हा यकृत निकामी होण्याचा धोका असतो. गोळी नको असे ठरले, तरी दर सहा महिन्यांची तपासणी चुकवू नका. हा आजार वीस-तीस वर्षे काहीही न दाखवता यकृत कडक करतो आणि काहींना त्यातून कर्करोग होतो. तुम्हाला आत्ता काही होत नाही हे चांगलेच आहे, पण तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही.

दारू. हे लिहायला अवघड आहे, कारण गिऱ्हाईक पाजते आणि रात्र काढायला ती लागते हे आम्ही जाणतो. पण या विषाणूसोबत दारू यकृताचे नुकसान दुप्पट वेगाने पुढे नेते असे समजा आणि जेवढी कमी करता येईल तेवढी करा. प्रकल्पातल्या समुपदेशकाला विचारलेत तर ग्लासात नुसता सोडा ठेवून वेळ कशी निभवायची यासारखे उपाय मिळतात. बुरशी आलेले शेंगदाणे, मका खाऊ नका. त्या बुरशीतले विष आणि हा विषाणू मिळून यकृताच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवतात. दुकानातून आणलेली ताकदीची पावडर, जडीबुटीचा काढा बंद.

एचआयव्हीसारखे आहे का? पसरण्याचे मार्ग सारखे आहेत, पण दोन गोष्टी वेगळ्या. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा खूप सहज लागतो आणि याच्यावर लस आहे. म्हणून मुलाची एचबीएसएजी तपासणी करा, त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहा. तो निगेटिव्ह असेल आणि डोस राहिले असतील तर पूर्ण करा. खोलीतल्या इतर बायकांनी आणि तुमच्या कायमच्या माणसानेही लस घ्यावी. काम तुम्ही करू शकता, निरोध वापरून. खोबरेल, व्हॅसलिन किंवा क्रीम लावू नका, त्याने निरोध फाटतो. पाण्याचे वंगण प्रकल्पातून मागा.

लगेच दवाखाना गाठायच्या खुणा: डोळे पिवळे होणे, पोट फुगून पाणी होणे, काळी शी, रक्ताची उलटी, दिवसा गुंगी किंवा बरळणे.

प्रश्न : माझी मैत्रीण धंदा करते, आम्ही सहा वर्षे एकत्र राहतो. ती पॉझिटिव्ह निघाली. आम्ही आपसात निरोध वापरत नाही. मी काय करू? (भिवंडी)

उत्तर : आज तपासणी आणि आजच पहिला डोस, तुम्ही दोघे वेगळे होण्याचे काही कारण नाही. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजून घ्या. ज्याच्या जोडीदाराला लागण आहे त्याच्यासाठी ही तपासणी आवश्यक आहे. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे, पुढे बूस्टरची गरज नाही. १० च्या खाली आला तर डॉक्टर आणखी डोस देतील. तो आकडा हाती येईपर्यंत निरोध वापरा. गिऱ्हाइकासोबत निरोध आणि घरच्या माणसासोबत नाही, ही सवय वस्तीत सर्वत्र आहे आणि लागण नेमकी याच वाटेने आत-बाहेर करते. तिच्यावर चिडण्याआधी हे लक्षात घ्या की तुमच्याकडून तिला लागली असणेही तितकेच शक्य आहे.

प्रश्न : माझे एआरटी (एचआयव्हीवरचे औषध) चालू आहे, चार वर्षे झाली. मला ही लस चालते का? आणि दोन्ही आजार असतील तर गोळ्या वाढतात का?

उत्तर : लस चालते आणि तुम्हाला ती जास्त गरजेची आहे. ती जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे लशीतून आजार होत नाही. मात्र एचआयव्हीत प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमची मात्रा, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, अशी पद्धत वापरतात. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि शेवटी अँटी-एचबीएस मोजा.

दोन्ही आजार असले तरी गोळ्या सहसा वाढत नाहीत. आता बहुतेकांना मिळणाऱ्या एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असते. त्यातली पहिली दोन हेपॅटायटिस बीवरही काम करतात. म्हणूनच गावी जाताना गोळ्या संपल्या, महिनाभर खंड पडला, तर तुमच्या बाबतीत यकृतही बिघडू शकते. आणि कधी मूत्रपिंडाच्या त्रासामुळे टेनोफोव्हिर बदलायचे ठरले, तर डॉक्टरांना आधी सांगा, "मला हेपॅटायटिस बी पण आहे." नव्या डॉक्टरच्या हाती तुमची जुनी फाइल असेलच असे नाही.

प्रश्न : सहावा महिना चालू आहे आणि पॉझिटिव्ह आहे. बाळाला वाचवता येईल का? दूध पाजू का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी वेळेला फार महत्त्व आहे. आता लगेच एचबीव्ही डीएनए तपासणी करून घ्या. प्रमाण २,००,००० युनिट प्रति मिली किंवा जास्त असेल, किंवा ती तपासणी होण्यासारखी नसेल, तर टेनोफोव्हिर बाळंतपणापर्यंत देतात आणि त्याने बाळाकडे जाणारी लागण कमी होते. बाळंतपण रुग्णालयातच करा. दाखल होतानाच पॉझिटिव्ह असल्याचे सांगा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आधीच मागवून ठेवता येते. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लशीचा पहिला डोस आणि शक्य तो १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिन, दोन वेगळ्या मांड्यांत. नंतर ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्यात हीही असते). इम्युनोग्लोब्युलिन मिळाले नाही तरी जन्माचा डोस चुकवू द्यायचा नाही. बाळंतपण अचानक घरी झालेच तर बाळाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. दूध पाजा, निःशंक पाजा. स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरते त्या बाजूने थांबवा. नऊ ते बारा महिन्यांत बाळाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस तपासणी करून घ्या.

प्रश्न : सोलापूरकडे कावीळ उतरवणारे माळ घालतात, डाग देतात. आमच्या दोन मुलींना त्यानेच बरे वाटले. मग डॉक्टर कशाला?

उत्तर : वर सांगितले तसे, मोठ्या माणसांत शंभरातल्या पंच्याण्णव जणी काही न करताही बऱ्या होतात. म्हणून माळवाल्याचे नाव होते. माळेच्या काड्या वाळून आक्रसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. ज्या पाचजणी बऱ्या होत नाहीत त्यांचेही डोळे काही आठवड्यांत पांढरे होतात, आजार आत चालूच राहतो आणि त्या तपासणीला येत नाहीत. डाग देण्याने भाजते, आणि चिरा मारायला एकच ब्लेड वापरले तर हाच विषाणू पुढच्या माणसाला लागतो. जत्रेत एकाच सुईने गोंदवणे, गल्लीतल्या दवाखान्यात उकळून वापरलेली सुई, यांनाही हेच लागू. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा.

प्रश्न : माझ्या घरात अकरा मुली आहेत. सगळ्यांना तपासणी आणि लस सक्तीची करू का? ज्या पॉझिटिव्ह निघतील त्यांना काढावे का? (एक घरवाली)

उत्तर : लस सगळ्यांना मिळावी ही तुमची इच्छा योग्य आहे, सक्ती नाही. रिपोर्ट त्या बाईचा असतो. तो तुम्हाला, प्रकल्पाला किंवा गिऱ्हाइकाला दाखवायचा की नाही हे ती ठरवेल. सक्ती केली की बायका दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या गल्लीत जातात आणि लशीबाहेर राहतात. काढून टाकलेली बाई उपचाराविना दुसरीकडे तेच काम करते, त्याने कुणाचेच संरक्षण होत नाही. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही घटनेच्या कलम २१ नुसार सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधार मिळण्याची वाटही त्याच आदेशाने खुली झाली. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना या मार्गाने मदत करा.

तुम्ही करण्यासारखे पुष्कळ आहे. शिबिराच्या दुपारी दोन तास काम बंद ठेवा. डोस घेतलेल्या दिवशी हात दुखतो म्हणून मुलीला रात्री सवलत द्या. स्वतः सर्वांत आधी हात पुढे करा. तुमचे आणि तुमच्या अकराजणींचे वय पाहता लहानपणी ही लस मिळाली असण्याची शक्यता कमीच आहे. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये काही भागांत प्रयोगादाखल आली, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत आणि २०११-१२ पासून देशभर. त्याआधी जन्मलेल्यांनी कार्ड नसेल तर लस झालेली नाही असेच धरावे.

प्रश्न : परवा रात्री निरोध फाटला. गिऱ्हाईक कोण होते माहीत नाही. लस घेऊन उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आजच घ्या. लागण दिसायला एक ते सहा महिने लागतात, त्यामुळे लशीला पुढे निघून जायला वेळ मिळतो. जितकी लवकर तितकी चांगली. तीन डोस आधीच पूर्ण असतील तर काही करायचे नाही. गिऱ्हाईक पॉझिटिव्ह असल्याचे नक्की कळले आणि तुमची लस झालेली नसेल, तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही देतात, वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०६ मिली, शक्य तो २४ तासांत आणि फार तर १४ दिवसांपर्यंत. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांना मात्र ७२ तासांचीच मुदत आहे आणि परवाची रात्र म्हणजे ती संपत आली आहे. हे वाचून झाले की आधी एआरटी केंद्रात किंवा सिव्हिलच्या अपघात विभागात जा, लस तिथेच मागा, आणि गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळीही.